दीड बादली गोड पाणी

मी उभा राहून सव्वाशे माणसांना अंघोळीचं महत्त्व समजावून सांगत होतो.

"अंगावरचे हे चट्टे कशाने येतात? अस्वच्छतेने," मी इंग्रजीत म्हणालो. "समुद्रात बुचकळी मारली म्हणजे अंघोळ झाली असं होत नाही. रोज सकाळी, गोड्या पाण्याने, साबण लावून न्हायला हवं. माझ्याकडे बघा."

सव्वाशे माणसांनी माझ्याकडे बघितलं. मी नुकताच न्हाऊन आलो होतो. ओले केस, मधोमध भांग, मानेला पावडर. वय सत्तावीस. आपण बघण्यासारखे आहोत याबद्दल त्या वयात मला शंका नव्हती.

जागा होती मानेआबा, म्हणजे तिथल्या गावाचं सभागृह. भिंती नाहीत. केतकीसारख्या झाडाच्या पानांनी शाकारलेलं भलंमोठं छप्पर, आणि ते इतकं खाली उतरलेलं की आत शिरताना भल्याभल्यांना वाकावं लागतं. सगळे चटयांवर मांडी घालून बसतात आणि बोलणाराही बसूनच बोलतो. उभं राहून बोलणं तिथे उद्धटपणाचं समजतात, हे मला नंतर कळलं. त्या बेटावर मला जे जे कळलं ते नंतरच कळलं.

माझ्या शेजारी बसून तानिएरा मास्तर भाषांतर करत होते. गावच्या शाळेचे ते एकटे शिक्षक. चाळिशीचे, किरकोळ अंगाचे, डाव्या कानामागे कायम एक पेन्सिल. मी तीन मिनिटं बोललो की ते दोन वाक्यं बोलायचे.

"एवढंच?" मी मध्येच विचारलं.

"आमच्या भाषेत शब्द कमी लागतात," मास्तर म्हणाले.

लोक माना डोलवत होते. पुढे बसलेल्या थोरल्या म्हाताऱ्याचे डोळे तर पाणावल्यासारखे वाटले. आपल्या बोलण्यात ताकद आहे, मी मनात म्हटलं. फक्त एका खांबाला टेकून बसलेली एक तरुण बाई मध्येच उठली, कडेवरचं बाळ सावरलं आणि माझ्याकडे एकदा सरळ बघून बाहेर गेली. ती मारेता, मी ज्यांच्या अंगणात राहत होतो त्यांची मुलगी. बाळाला भूक लागली असेल, असं मी समजलो.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. बेटाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला माफ केलंय, ते पुरे. प्रशांत महासागरात किरिबाटी नावाचा देश आहे, त्यातलं ते एक प्रवाळबेट. नकाशात बांगडीसारखं दिसतं, तेही भिंग घेतलं तर. बांगडीच्या आत उथळ, हिरवट, शांत पाणी. बाहेर सगळा महासागर. या दोन पाण्यांच्या मध्ये चारशे पावलं रुंदीची पांढरी वाळू, आणि तेवढीच जमीन. डोंगर नाही, ओढा नाही, माती म्हणावी तर तीही नाही. बेटावरची सगळ्यात उंच जागा आमच्या घरच्या पोटमाळ्याएवढी होती.

मी वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचा. दिगंबर केळुसकर. माड, समुद्र, मासे, निरफणस हे सगळं मी जन्मापासून बघितलेलं. त्यामुळे बोटीतून उतरल्या उतरल्याच मी ठरवून टाकलं की यात मला नवीन काही नाही. पुण्याच्या एका कंपनीत मी हवामानाची यंत्रं बसवायचं काम करायचो आणि इथे एक केंद्र उभारायला आलो होतो: एक खांब, त्यावर वारा मोजणारं यंत्र, सौरऊर्जेची पॅनेलं आणि एक पर्जन्यमापक. तीन आठवड्यांनी तीच बोट मला न्यायला येणार होती. बोटीचं इंजिन बिघडलं. रेडिओवर रोज "पुढच्या आठवड्यात" असं ऐकू यायचं आणि मी राहिलो सात आठवडे.

केंद्र दहा दिवसांत उभं राहिलं. पुढे माझं काम एकच. यंत्राचा आकडा बरोबर येतोय का हे पडताळण्यासाठी रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापक स्वतः बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. मी लिहायचो: शून्य. दुसऱ्या दिवशी: शून्य. अक्षर सुंदर होतं माझं. शून्यं अगदी वाटोळी यायची.

पण त्याआधी अंघोळ. आमच्या घरी आईचा एकच कायदा होता, "न्हाल्याशिवाय च्या नाय!" तो मी पॅसिफिकमध्येही पाळला. इओतेबा आणि त्यांची बायको तेरेतिया यांच्या अंगणात मला पाहुण्यांची झोपडी दिली होती. इओतेबा साठीचे, गंभीर, होडीवर बसले तरी देवळात बसल्यासारखे दिसणारे. तेरेतिया जाड, हसऱ्या, सतत चटई विणणाऱ्या. मारेताचा नवरा परदेशी जहाजावर खलाशी होता, म्हणून ती आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी राहत होती. पहिल्याच दिवशी मी खुणेने अंघोळ विचारली. डोक्यावर पाणी ओतल्याचा अभिनय केला, अंग चोळल्याचा केला, बराच वेळ केला. नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून झोपडीमागच्या चटईच्या आडोशाला रोज सकाळी एक बादली भरून असायची.

स्वच्छ, थंड, गोड पाणी. अंगणात विहीर होती, विहिरीत पाणी दिसत होतं. आमच्या गावात एवढ्यावर विचार संपतो, तसा माझाही संपला. प्यायला मला शहाळी मिळायची, चहा माडाच्या रसाचा गुळासारखा पाक घालून यायचा. विहिरीचं पाणी चाखायची वेळच आली नाही.

ते सगळे मात्र संध्याकाळी बांगडीच्या आतल्या खाऱ्या पाण्यात जाऊन न्हायचे आणि तसेच घरी यायचे. अंगावर मिठाची पांढरी रेघ, मुलांच्या काखेत, मानेवर लाल चट्टे. माझ्यातला स्वच्छ माणूस अस्वस्थ झाला. मी मास्तरांना म्हटलं, "मला गावाशी बोलायचंय." मास्तर म्हणाले, "कशाबद्दल?" मी सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिल कानामागून काढून पुन्हा ठेवत राहिले. मग म्हणाले, "बरं."

ते हे भाषण.

भाषणाचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. आडोशाला एकाऐवजी दीड बादली पाणी होतं. गावाला माझं म्हणणं पटलं, याचा याहून मोठा पुरावा कोणता? लोक स्वतः न्हायला लागले नव्हते, पण सुधारणा अशी हळूहळूच होते, असं मी पुण्याला लिहिलेल्या पत्रात म्हटलं. ते पत्र बोट नसल्यामुळे माझ्याच पेटीत राहिलं. देवाचे उपकार.

आणखी एक गोष्ट होती. मी रस्त्याने निघालो की माणसं हात उंचावून हसून म्हणायची, "तेबोतेबो!" मीही हात हलवून म्हणायचो, "तेबोतेबो!" त्यावर ते आणखी हसायचे. 'साहेब' किंवा 'नमस्कार' असा काहीतरी अर्थ असावा, असं धरून मी चाललो होतो.

सहाव्या आठवड्यात मारेताच्या मुलीला जुलाब सुरू झाले. बेटावरची नर्स राजधानीला गेली होती आणि मी ज्या बोटीची वाट बघत होतो तिच्याचसाठी तीही तिकडे अडकून पडली होती. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी त्यांच्या ओट्यावर गेलो, तेव्हा पोर आईच्या मांडीवर मलूल पडलं होतं. डोळे आत गेलेले, टाळू खोल. तेरेतिया झावळीच्या पंख्याने वारा घालत होत्या. मास्तरही शाळा सोडून आले होते.

मी धावत झोपडीत गेलो आणि औषधांच्या डब्यातून मीठसाखरेच्या जलसंजीवनीची पाकिटं घेऊन आलो. आपल्या उपयोगाचा क्षण आला की माणसाला जो एक हुरूप येतो, तो मला आला होता.

"मास्तर, यांना सांगा. एक लिटर गोडं पाणी उकळून गार करायचं. त्यात हे पाकीट. दर पाच मिनिटांनी चमचा चमचा द्यायचं. आमच्याकडे यावर हजारो मुलं वाचतात."

मास्तरांनी सांगितलं. यावेळी पुष्कळ शब्द लागले. तेरेतियांनी पाकीट हातात घेतलं, त्यावरचं पेल्याचं चित्र बघितलं, मान हलवली आणि एक भांडं घेऊन बाहेर गेल्या.

पाच मिनिटं गेली, दहा गेली, पाव तास गेला.

"लिटरभर पाणी आणायला एवढा वेळ?" मी म्हणालो. "विहीर तर दारात आहे."

मी ओट्यावरून उतरून बाहेर बघितलं. तेरेतिया तिसऱ्या घरासमोर उभ्या होत्या. आतून एक म्हातारी आली, तिने हातातली करवंटी भांड्यात उपडी केली, मग आत डोकावून बघितलं आणि राहिलेला थेंब पडावा म्हणून पुन्हा एकदा उपडी धरली. तेरेतिया चौथ्या घराकडे निघाल्या.

"काय करताहेत त्या?"

"पाणी जमवताहेत," मास्तर म्हणाले.

"अहो, पण ही विहीर…"

"विहिरीचं पाणी चाखलंय कधी तुम्ही?"

मास्तरांनी पोहरा सोडला, वर काढला आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी तोंडात घेतलं आणि थुंकलो. आमटीत दोघांनी दोनदा मीठ टाकावं तसं ते लागत होतं.

"आठ महिने पाऊस नाही," मास्तर सावकाश म्हणाले, वर्गात सांगतात तसं. "आमचं गोड पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारी साय. पाऊस पडला की ती जाड होते, नाही पडला की पातळ. आता ती गेली. विहिरी मचूळ झाल्या. माडांची फळं बोंडं असतानाच गळताहेत. चर्चच्या छपराखाली एक टाकी आहे, तिच्या तळाशी थोडं शिल्लक आहे. ते जपून वाटतात. घराला दिवसाला एक बादली."

"मग माझी बादली?"

"तीच ती."

"म्हणजे इओतेबांच्या घरची वेगळी…"

"घर एक, बादली एक."

सकाळी न्हाताना मी शेवटचे दोन तांबे निव्वळ बरं वाटतं म्हणून डोक्यावर घेतले होते.

"आणि ती वरची अर्धी?"

"ती बाकीच्या घरांनी मिळून दिली. तुम्ही मानेआबात पाण्याबद्दल इतके आभार मानलेत, म्हणून."

"मी? मी कधी आभार मानले?"

"तुम्ही नाही मानलेत," मास्तर म्हणाले. "मी मानले. तुम्ही जे बोललात ते मला सांगता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, पाहुणे म्हणताहेत की तुम्ही दिलेल्या पाण्यामुळे ते रोज ताजेतवाने असतात, हे उपकार ते विसरणार नाहीत. आता त्याचा असा परिणाम होईल हे मला काय माहीत?"

तेव्हा ओट्यावरून आवाज आला. शांत, स्वच्छ, शाळेत शिकलेलं इंग्रजी.

"रोज सकाळी आठ वाजता तुम्ही त्या वहीत काय लिहिता?"

मारेता होती. मांडीवरच्या मुलीवरून तिने नजर उचलली नव्हती.

"पाऊस," मी म्हणालो.

"किती?"

"शून्य."

"चार आठवडे तुम्ही शून्य लिहिताय. मग आम्ही काय पीत असू, असं वाटलं तुम्हाला?"

एखाद्या बऱ्या माणसाने निदान मान खाली घातली असती. माझ्या तोंडून जे वाक्य निघालं ते आजही आठवलं की मी एकटा असलो तरी इकडेतिकडे बघतो. मी म्हणालो, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"राजधानीला चार वर्षं शिकले," ती म्हणाली. "तुमचं भाषण मला पूर्ण कळलं."

तेरेतिया नऊ घरं फिरून परत आल्या. भांड्यात लिटरभर पाणी जमलं होतं. ते उकळून गार होईपर्यंत मी ओट्याच्या कडेला बसून राहिलो. कोणी मला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. पहिले दोन चमचे पोराने ओकून टाकले. तिसरा पोटात राहिला.

मास्तरांना सोडायला रस्त्यापर्यंत गेलो, तेव्हा कोणीतरी हसून हात उंचावला. "तेबोतेबो!"

"याचा अर्थ काय?" मी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी थोडा विचार केला. भाषांतर करावं की नाही, हा असावा. मग म्हणाले, "अंघोळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आडोशाला दीड बादली पाणी हजर होतं. मी ते उचलून सरळ इओतेबांच्या दारात नेऊन ठेवलं आणि हात जोडले. मोठं काही केल्यासारखं वाटलं मला. इओतेबांनी बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. ते उठून समुद्राकडे तोंड करून बसले. तेरेतियांना वाटलं, माझा साबण संपला. त्या घाईने आत गेल्या आणि कपडे धुवायच्या निळ्या वडीचा तुकडा घेऊन आल्या. मी नको नको म्हणत होतो, त्या माझ्या हातात कोंबत होत्या. मारेता दारातून हा तमाशा बघत होती. तिने एक शब्दही भाषांतर करून दिला नाही, आणि का द्यावा?

शेवटी मास्तरांना बोलावणं गेलं.

"तुम्ही पाणी परत केलंत," मास्तर म्हणाले. "म्हणजे यांच्या घरी काहीतरी कमी पडलं, असा त्याचा अर्थ होतो. गावाने तुम्हाला दिलंय. ते दारात आणून टाकता येत नाही."

"मग काय करू? न्हाऊ?"

"मानेआबात सांगा." ते थांबले. "आणि यावेळी बसून बोला."

दुपारी माणसं जमली. मी मांडी घातली. मास्तरांना आधीच बजावलं होतं की मी बोलेन तेच सांगायचं, एक अक्षर इकडेतिकडे करायचं नाही. मारेता त्याच खांबाला टेकून बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती, सकाळपासून दोनदाच बाहेर झालं होतं. मास्तर चुकले तर यावेळी पकडणारं कोणी आहे, हे मला माहीत होतं. मी चुकलो तरी.

मी सांगितलं. मागचं भाषण मी काय केलं होतं ते सांगितलं. चट्टे अस्वच्छतेचे आहेत म्हणालो होतो, तेही सांगितलं. पाणी कुठून येतं हे सहा आठवड्यांत एकदाही विचारलं नाही, आणि पाऊस मोजणं हा माझा धंदा आहे, असंही म्हणालो. मास्तर शब्दन् शब्द सांगत गेले. यावेळी त्यांच्या भाषेलाही माझ्याइतकेच शब्द लागले.

मी थांबलो. आता काहीतरी गंभीर होईल, कदाचित कोणी रडेल, अशी माझी अपेक्षा होती. मला वाटतं, थोडी इच्छाही होती.

थोरल्या म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि काहीतरी म्हटलं. सगळं सभागृह हसायला लागलं. बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. इओतेबांसारखा माणूस हसला.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

मास्तरांनाही हसू आवरत नव्हतं. "ते म्हणतात, आम्हाला वाटलं होतं तुम्हाला कातडीचा काही रोग आहे आणि रोज धुतलं नाही तर तुम्ही मराल. म्हणून आम्ही पाणी देत होतो. तुम्ही ठणठणीत आहात हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

मग म्हातारा गंभीर झाला आणि निर्णय दिला. पाहुण्याला दिलेलं गाव परत घेत नाही. ते बरं दिसत नाही. तेव्हा बोट येईपर्यंत बादली पाहुण्याच्याच दारात येईल. पण ती पाहुण्याची आहे. पाहुण्याने आपल्या वस्तूचं काय करावं हा पाहुण्याचा प्रश्न. तो ती स्वतःच्या हाताने ज्याला द्यायची त्याला देऊ शकतो. वरची अर्धी बादली मात्र ज्या घरांनी दिली होती त्यांनी उद्यापासून आपल्याकडे ठेवावी, कारण ती आभारांसाठी होती आणि आभार मास्तरांनी मानले होते.

एवढं झाल्यावर विषय संपला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कबुली पाच मिनिटांत आटोपली आणि पुढचा तासभर गावाने होड्यांच्या शेडचं छप्पर कोणी शाकारायचं यावर वाद घातला.

त्या दिवसापासून इओतेबा मला संध्याकाळी आपल्याबरोबर न्हायला नेऊ लागले. कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, नारळाच्या सोडणाने अंग खसाखसा घासायचं आणि बाहेर येऊन विहिरीच्या मचूळ पाण्याची एक करवंटी डोक्यावरून सोडायची. एकच. ती खांद्यावरून, पाठीवरून कशी पुरवायची हे इओतेबांनी मला लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. चौथ्या दिवशी माझ्या काखेत आणि मानेवर लाल चट्टे उठले. गाव बघायला आलं. तेरेतियांनी हसून हसून खोबरेल तेल चोळलं.

सकाळची बादली मात्र माझीच होती. ती मी उचलायचो आणि अंगण ओलांडून मारेताच्या ओट्यापर्यंत न्यायचो. वीस पावलं असतील. ती बादली घ्यायची, मडक्यात ओतायची, रिकामी परत द्यायची. बोलायची नाही. मुलगी तिसऱ्या दिवशी बरी झाली, पाचव्या दिवशी रांगत माझ्या पायाशी आली आणि बूट चाटून गेली. तेव्हाही मारेताने फक्त तिला उचललं. गावाने मला हसून माफ केलं होतं, पण ती गावात मोजली जात नव्हती. मास्तर सोडले तर भाषण मूळ शब्दांत कळलेली ती एकटी होती. मी रोज "गुड मॉर्निंग" म्हणायचो. ती मान हलवायची, तीही बादलीकडे बघून.

दहाव्या दिवशी सकाळी भोंगा वाजला.

मी चूळ भरत होतो. बांगडीच्या फटीतून बोट आत येत होती. बेटावर एकच आरडाओरडा झाला. सगळे किनाऱ्याकडे पळत सुटले; बोटीवर पिठाची पोती, नर्स आणि राजधानीहून पाठवलेली पाण्याची पिंपं होती. मी कपडे पेटीत कोंबले, पेटीवर बसून कडी लावली, बूट चढवले आणि निघालो. घर, आई, पुणं, सगळं एकदम दिसायला लागलं होतं. अंगणाच्या कडेपर्यंत आलो असेन.

"मिस्टर केळुसकर."

त्या बेटावर माझं आडनाव इतकं नीट कोणीच उच्चारलं नव्हतं. मी वळलो. मारेता ओट्यावर उभी होती, कडेवर मुलगी.

"आधी पाणी," ती म्हणाली.

मी आडोशाकडे बघितलं. बादली तिथेच होती. भरलेली.

"बोटीवर पिंपं आलीत," मी म्हणालो. काय बोलतोय हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"ती उतरायला संध्याकाळ होईल," ती म्हणाली. "हिला आत्ता तहान लागलीय."

मी पेटी वाळूत ठेवली. परत गेलो, बादली उचलली. घाईत चार थेंब सांडले, तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की उरलेली पावलं मी पूजेचं ताट नेल्यासारखी टाकली. तिने पाणी मडक्यात ओतलं. वाटीभर घेऊन मुलीच्या तोंडाला लावलं. मुलगी दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायली, मध्ये श्वास घ्यायला थांबली, पुन्हा प्यायली. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. आम्ही दोघंही तिचं पिऊन होईपर्यंत थांबलो.

मारेताने रिकामी बादली माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर आपल्या बाजूला ठेवली.

"आता जा," ती म्हणाली.